न विचारता कापलेले

हर्णै, ५ ऑक्टोबर १९६४

ती. अब्बांच्या सेवेशी,

बिलकीसचे सलाम. वि. वि. घरी सर्व खुशाल. अम्मीचा गुडघा बरा आहे, पण तुमच्या पत्रात चौकशी नव्हती म्हणून ती रुसली आहे.

वक्तृत्व स्पर्धेत माझे नाव आहे. विषय : अमेरिकेतल्या वसाहती इंग्रजांच्या करांवर का चिडल्या? फ्रेंचांशी झालेल्या लढाईचा खर्च भागवायला पार्लमेंटने त्यांच्या दस्तऐवजांवर, वर्तमानपत्रांवर, खेळायच्या पत्त्यांवरसुद्धा कर बसवला, पुढे चहावर. इथवर समजले. पण शेवटी कर राहूनही चहा स्वस्त झाला, तरी लोकांनी पेट्या बंदरात फेकल्या. स्वस्त वस्तू कोण फेकतो? सर म्हणतात, पार्लमेंटात त्यांचा माणूस नव्हता. हे पाठ झाले, पटले नाही. तुम्ही इंग्रजांच्या कंपनीत आहात, तुम्हीच सांगा.

लोभ आहेच, पत्रही असावे.
तुमची बिलकीस


दुबई, २० ऑक्टोबर १९६४

चि. बिलकीस हिस अ. दुवा.

अम्मीच्या गुडघ्याची माफी मागतो.

तुझे उत्तर माझ्या ताटात आहे. कंपनीच्या मेसचा खर्च आम्हा बारा हिंदुस्थानी कारकुनांच्या पगारातून कापतात. कमिटीवर तीन गोरे साहेब, ते तिथे जेवत नाहीत. ताज्या मासळीची खाडी दारात आणि आमच्यापुढे डब्यातले मटार. आम्ही कुरकुरलो, तेव्हा साहेबाने कपात निम्मी केली. बाणकोटचा हमदुल्ला म्हणाला, खलास, आता गप्प राहा. मला मात्र ते जास्तच लागले. स्वस्त म्हणून घेतले की न विचारता कापण्याला आपण मान डोलावली. चहा फेकणाऱ्यांना हेच डाचले असावे.

हे लिहिताना माझीच मला लाज वाटली. उद्या साहेबाला सांगतो, कमिटीवर आमचे दोघे हवेत. मार्चमध्ये माझा करार संपतो. अम्मीला एवढ्यात सांगू नकोस.

मायेत अंतर नाही.
अब्बा


हर्णै, ९ नोव्हेंबर १९६४

ती. अब्बांना बिलकीसचे सलाम. वि. वि.

तुमची पत्रे मी अम्मीला मोठ्याने वाचून दाखवते, हे तुम्ही विसरलात. ती म्हणाली, नोकरी गेली तर घर आहे, लिही त्यांना, मान खाली घालून मात्र येऊ नका.

माझा दुसरा नंबर आला. परीक्षकांनी स्वस्त चहाचेच विचारले. मी तुमचे मटार सांगितले. लोक हसले. अध्यक्षांनी वडिलांचे नाव विचारले. गनी परकार, हे मी इतक्या जोरात सांगितले की मागच्या रांगेत अम्मीला ऐकू गेले.

साहेब काय म्हणाले ते लवकर कळवा. जीव टांगणीला आहे.
बिलकीस


दुबई, २८ नोव्हेंबर १९६४

चि. बिलकीस हिस अ. दुवा.

साहेबाने विचारले, हे कोणी शिकवले? म्हटले, माझ्या मुलीने. तो म्हणाला, मग करार संपल्यावर मुलीकडेच जा. मी सलाम करून परतलो.

दुसऱ्या दुपारी हमदुल्ला भरल्या ताटावरून उठला. पाठोपाठ सगळे. आठ दिवस आम्ही खोलीतच स्टोव्हवर भात शिजवला. नवव्या दिवशी साहेबाने दोन माणसे द्या म्हणून निरोप धाडला. सर्वांनी हात वर करून हमदुल्लाला आणि मला निवडले. माझ्या कराराचे अजून नक्की नाही. इन्शाल्ला, होईल.

काल पहिली मीटिंग झाली. मेसच्या खर्चाचा कागद सहीसाठी पुढे आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. अम्मीला सांग, बारा वर्षे इथे सह्या केल्या त्या पगार मिळाला म्हणून. ठरवले म्हणून केलेली ही पहिली.

तुम्हा दोघींचा,
अब्बा