काळ्या एल्फांची राणी

दम्माम,
२२ जानेवारी २०२६

सौ. ताईस,
शीलाचा नमस्कार. चैतन्यच्या लग्नाची पत्रिका पोचली, छान झालीय. आमचे रत्नाकर समुद्रात तेलाच्या रिगवर आहेत. पत्ता बघून दचकू नकोस, खफजीच्या घरून इथे जरा कामाला आलेय. फोनवर बोलणं जमणार नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते.

आपल्या मुलींचं युद्ध आठवतं ना? सुट्टीत तुझ्या गच्चीवर सुरू झालेलं? त्यांच्या गोष्टीत हजारो वर्षांपूर्वी एल्फांचं, म्हणजे त्या टोकदार कानांच्या जंगलातल्या लोकांचं, एकच कूळ होतं. मग चांदीच्या जंगलातल्यांनी अर्ध्यांना जमिनीखाली ढकललं नि दार लावून घेतलं. तुझी गौरी कायम वरची, माझी तन्वी खालच्या काळ्या एल्फांची राणी. केवढा तोरा! "गौरीताई, तुझ्या सैन्याला अंधारात दिसतच नाही, मर आता!" पुढे दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर लढायच्या.

दिवाळीनंतर तन्वीने ते थांबवलं. मला वाटलं, मोठी झाली.

ताई, ती इथे हॉस्पिटलमध्ये आहे. आधी चेहरा सुजला, मग पाय. किडनीला इजा झालीय. मल्याळी नर्सने विचारलं, "दीदी, बच्ची मुँह पे कुछ लगाती है क्या?" मी नाही म्हणाले. तन्वीने डोळे मिटून घेतले.

तिच्या दप्तरात क्रीमची डबी निघाली. तू फराळासोबत पाठवलेली. तुझा व्हॉइस मेसेजही तिने जपून ठेवलाय: "रोज लाव गं सोन्या, दादाच्या लग्नापर्यंत उजळशील. गौरीशेजारी फोटो छान येईल." किती लाडाने बोललीस. म्हणून तुझ्यावर ओरडताही येत नाही.

रक्तात पारा सापडलाय. डबीवर नाव नाही. तुला ती देणाऱ्या पार्लरवालीला विचार, कुठून आणली, आजच कळव. घरात आणखी असेल तर फेकून दे. तू लावत असशील तर तूही तपासून घे.

"का गं लावलंस?" विचारलं, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आय चेंज्ड साइड्स, आई. खाली राहून कोण जिंकतं?"

क्रीम सुटलं की रंग पहिल्यासारखा होईल, असं डॉक्टर धीर द्यायला म्हणाले. तेव्हापासून ती पारा उतरवायच्या गोळ्या गालात धरते आणि माझी पाठ वळली की थुंकते. असंच चाललं तर किडनी जाईल, ताई. मी पाया पडले तिच्या. चौदा वर्षांच्या पोरीच्या.

गौरीला आज फोन करायला सांग. समजावू नको म्हणावं, रडू तर मुळीच नको. नुसतं युद्ध पुकार म्हणावं. काळ्या एल्फांची राणी पळाली, आता तुमचं राज्य माझं, असं तोंडावर सांग म्हणावं. तिला राग येऊ दे. राग आला तर ती उठेल, गोळी गिळेल. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. पदर पसरते.

तोवर तिच्या फौजेत मी एकटीच.

तुझी काळी धाकटी,
शीला