तुझी गादी का लांबली

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (मिशा पांढऱ्या झालेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण मी आधी जन्मले त्याला माझा इलाज नाही.) तुझे गुडघे, दात आणि स्वभाव यांतलं जे शाबूत असेल ते तसंच राहो. माझं बरं चाललंय. डोळ्यांना कमी दिसतं, पण सुनेच्या चुका दिसण्याइतकं दिसतं.

तर गादी. बायको गेल्यापासून झोप लागत नाही, जुन्या गादीत तिच्या बाजूचा खळगा तसाच आहे नि घसरून घसरून त्यातच जातो, असं तू लिहिलंस. रडगाणं पुरे, आपल्या गाद्यांच्या दुकानातून नवी पाठवते, असं मी कळवलं. त्याला बरेच दिवस झाले. म्हातारी विसरली असं म्हणत असशील. मांजर आडवी गेली की काम अडतं म्हणतात ना? ही आडवी गेली नाही, आडवी झाली, आणि तुझ्याच गादीत.

दुकानात आली तेव्हा राखाडी, एक कान फाटका, तोंडावर उपकार केल्याचा भाव, आणि पोट जमिनीला टेकलेलं. मला वाटलं, कापसाच्या खोलीतले उंदीर हिनेच संपवले. चारचौघांत तिचं कौतुक केलं, आणि मग माज उतरावा म्हणून दूध निम्म्यावर आणलं. सून म्हणाली, "आई, तिचे दिवस भरत आलेत." मी म्हटलं, "मला नको शिकवू, चार पोरं काढलीत मी." दुसऱ्या दिवशी तुझ्या गादीची खोळ तीन बाजूंनी शिवून, कापूस भरून ठेवली होती. कापूस सारखा करायला चौथ्या बाजूनं हात घातला तर तो ओला लागला, गरम लागला, आणि मग त्या कापसानं मला बोचकारलं. चार पिल्लं. सुनेनं नुसतं दुधाचं भांडं काठोकाठ भरून आणून ठेवलं. (तिचं ते न बोलणं पार कोपऱ्यावर ऐकू गेलं असेल.)

टोपलीत हलवली, तर बाईनं एकेकाला मानेला धरून परत गादीत आणलं. खोक्यात ठेवली, परत गादीत. मुलगा म्हणाला, मामासाठी दुसरी खोळ भरू. म्हटलं, हा कापूस मी हातानं निवडलाय, एक बी राहू दिली नाही. थांबेल तुझा मामा.

तेव्हापासून दुकानाला काय झालं कळेना. मुलानं पिंजायचं यंत्र बंद ठेवलं, पिल्लं दचकतात म्हणे. दुपारचं ऊन आत येतं, त्यात कापसाचे तंतू तरंगत राहतात, खाली यायचंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही असे, आणि भिंतीकडची तुझी गादी हळू आवाजात घुरघुरते. शेजारच्या गादीवर जो टेकेल तो झोपतो. दातांचा डॉक्टर उशी घ्यायला आला. जन्मभर लोकांची तोंडं उघडली, इथे स्वतःचं उघडं टाकून दिवेलागणीपर्यंत झोपला. उठला तो म्हणाला, ती आवाज करणारी गादी मला पाहिजे, सांगाल ती किंमत देतो. आमचे चिरंजीव लगेच किंमत सांगायला निघाले. मी गादीला पाठ लावून बसले. म्हटलं, ही माझ्या भावाची आहे.

बसले ती तिथेच, हातात दाभण तसाच, मलाही डोळा लागला. तू लहान होतास. बापाच्या कापसाच्या ढिगात बुडालेला, नुसती पायाची बोटं वर. मी अंगठा धरून ओढते तर तू येतोच आहेस, येतोच आहेस, लांबच्या लांब, शेवटी पांढऱ्या मिशा आल्या, आणि तू म्हणालास, ताई, अजून जरा वेळ. मी सोडून दिलं. (जागेपणी सोडलं नसतं.) उठले तर मांडीत सगळ्यात बारकं पिल्लू. त्याची आई ते माझ्यावर सोपवून फिरायला गेलेली. मला विचारलंसुद्धा नाही.

आता एक पिल्लू चावीवाल्याकडे, एक सुनेच्या बहिणीकडे, एक डॉक्टरकडे गादीच्या बदल्यात. गादी आज शिवली, पाठवत आहे. जुनी फेकून दे. नीट झोप.

तुझी थोरली

ता. क. एका कोपऱ्यात हात जाईल एवढी शिवण सोडली आहे. ती चूक नाही.

ता. क. टेम्पोवाला टोपली देईल, ती लगेच उघड. मांजर गादीवाचून राहीना, आणि बारकं तिच्यावाचून. दूध पूर्ण भांडं द्यायचं, निम्मं नाही. ती तुझ्या बायकोच्या बाजूला झोपेल. हुसकू नकोस.

ता. क. टेम्पो दारात उभा आहे, मांजर सकाळपासून त्यात जाऊन बसली आहे. आज दुपारी दुकानात कुणाला डुलकी आली नाही. तर असं कर, थोडे दिवस वापरून गादी पुन्हा पिंजायला इकडे घेऊन ये, सगळ्यांसकट. (नवी गादी इतक्यात पिंजत नाहीत हे तुला माहीत आहे. तरी ये.) सून म्हणते, आई, तुम्हाला करमायचं नाही. मी तिला म्हटलं, मला नको शिकवू.