मेन स्ट्रीट व्यापारी संघ, सदस्य दोन

३ मार्च, मंगळवार
मेन स्ट्रीट व्यापारी संघाची सभा. हजेरी शंभर टक्के. म्हणजे मी, व्हर्नन केसलर, प्रेसिडेंट, केसलर ऑर्गन्स, वाजवायच्या ऑर्गनचं दुकान. आणि लॉरेन साबो, खजिनदार, शेजारचं कपडे आल्टर करायचं दुकान. बाकीचे सभासद मॉलमध्ये गेले, नाहीतर वर गेले. लॉरेनने कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा आणला होता.
विषय: आमची अख्खी ओळ पाडून चार मजली फ्लॅट होणार. खाली नवी दुकानं. लॉरेन घाबरलीय. मी समजावलं: फ्लॅट आले की माणसं येणार, आणि माणसांना संध्याकाळी घरात ऑर्गन लागतोच. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.
संकल्प: रोज चारला खिडकीत बसून वाजवायचं.

१२ मार्च, गुरुवार
गिऱ्हाईक! वाजवणं अर्ध्यावर थांबवलं. बाथरूम कुठे, म्हणाला. दाखवलं. जाताना "छान आहे" म्हणाला. ऑर्गनबद्दलच असणार.

२४ मार्च, मंगळवार
सभा. लॉरेनने हायवेजवळच्या शॉपिंग प्लाझात गाळा पाहिलाय. म्हणाली, "एकटीला फार मोठा आहे, व्हर्नन. मागे चहापाण्यापुरती जागापण आहे. दोघांचं सहज भागेल."
मी म्हटलं, मग लहान बघ.
"तू ना, खरंच ऑर्गन विकायलाच जन्मलास," म्हणाली. क्वचित करते कौतुक, पण मनापासून करते.

१४ एप्रिल, मंगळवार
नगरपालिकेत जाहीर सुनावणी. माणशी तीन मिनिटं. माझी प्रस्तावना संपायच्या आत घंटा वाजली. तिथल्या मिस ब्रँटली म्हणाल्या, "सर, तुमचा मुद्दा आमच्या लक्षात आलाय." मी अजून मुद्द्यावर आलोच नव्हतो. हुशार मुलगी.
लॉरेन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली की ती लोकांचे कपडे शिवते, लोक जिथे असतील तिथे तिला जायला हवं. टाळ्या पडल्या. जरा वरवरचं बोलली.

१२ मे, मंगळवार
लॉरेनचं सामान हललं. शिलाई मशीन मी स्वतः उचलू लागलो. कंबर धरली. गाडीत बसण्यापूर्वी म्हणाली, "अजून वेळ आहे, व्हर्नन."
घड्याळ पाहिलं. खरंच होता, जेमतेम अकरा वाजले होते. तसं सांगितलं. तिने दार जरा जोरातच लावलं. नवी जागा म्हटलं की माणूस चिडचिडा होतो. महिनाभरात परत येईल.

१९ मे, मंगळवार
सभा. खजिनदार गैरहजर. कळवलेलं नाही. कोरमअभावी सभा तहकूब. सूप टिनच्या डब्यातलं.

२६ मे, मंगळवार
तहकूब.

१८ जून, गुरुवार
समोर कुत्र्यांच्या बिस्किटांची बेकरी निघालीय. रांग लागते. प्रेसिडेंट म्हणून स्वागताला गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तुमच्या कुत्र्याचं नाव काय?" एवढ्या प्रेमाने विचारलं की नाही म्हणवेना. "डचेस" म्हणालो. घरी येऊन एक खाऊन पाहिलं. मीठ कमी आहे.

९ जुलै, गुरुवार
मालकाने इमारत विकली. महिनाअखेर जागा सोडायची. मला न विचारता! मिस ब्रँटलींना फोन केला. त्यांनी फार आस्थेने ऐकलं, मग म्हणाल्या, "सर, तुमच्यासोबत कोणी आहे का? मुलं वगैरे?" मी म्हटलं, व्यापारी संघ आहे.

२९ जुलै, बुधवार
तीन चर्चना ऑर्गन फुकट देऊ केले. तिन्हीकडे आता गिटार आहे. शेवटी भंगाराचे ट्रकवाले आले. एकाने विचारलं, "हे चालतात का?" म्हटलं, बस, वाजवून दाखवतो. वीज सकाळीच तोडली होती. बोटं फिरवली. आवाज नाही. त्याने टोपी काढून तसंच ऐकून घेतलं.
ही माघार नाही. नव्या इमारतीत गाळा मिळेपर्यंतचा विसावा.

१८ ऑगस्ट, मंगळवार
सभा घरी. टीव्ही चालू ठेवून घेतली.
संकल्प: लॉरेनकडे आपण जायचं नाही. चूक तिची आहे, तिने यावं.

५ सप्टेंबर, शनिवार
प्लाझात गेलो. निव्वळ बाजाराची पाहणी. पण दुकानात शिरायला काही काम हवं. म्हणून गाडीतल्या कात्रीने कोटाचं मधलं बटण कापलं.
लॉरेनकडे गर्दी होती. केस छान कापलेत. अर्ध्या गाळ्यात एमिल नावाचा माणूस घड्याळं दुरुस्त करतो. बायको गेलेली, हसरा. मागच्या फळीवर दोन कप पालथे घातलेले होते. मला बघून लॉरेनचा हात थांबला. मग म्हणाली, "बस."
बटण हातात घेऊन दोरे पाहिले. "हे तुटलेलं नाही, व्हर्नन. कापलंय."
जुना कोट आहे, म्हणालो.
तिने सुईत दोरा ओवला. मी कोट न काढता उभा होतो आणि ती तशीच खाली वाकून शिवत होती. एमिलने विचारलं, "कोण गं?" ती दातांनी दोरा तोडून म्हणाली, "मेन स्ट्रीटवर शेजारी होतो."
प्रेसिडेंट असं सांगायचं राहून गेलं. मला म्हणाली, "अजून काही?"
नाही, म्हणालो.
घरी आल्यावर बटण ओढून पाहिलं. पक्कं बसलंय. बाकीची दोन पाहिली. तीही पक्की आहेत.