यशीचा वर्ग आन माझी घागर

सोमवार, १० मार्च १९८६
आमची नात यशी आजपासून रोज यष्टीनं निलंग्याला शिवणवर्गाला जाणार. सरकारी वर्ग! तीन म्हयने. पास झाली की मशीन घरी. यष्टीत खिडकीला बसली. मी एवढी हसले की कंडक्टर म्हणला, आजी, लगीन हाय का पोरीचं? म्हणलं, हाव, मशीनसंगं.
माझा ल्योक रामकिशन आन सून कोंडा रस्त्याच्या कामावर खडी फोडून राहिलेत. मग टँकरचं पाणी कोण आणणार? मी. ठरवलं: तीन म्हयने यशीनं घागरीला हात लावायचा न्हाई. रोज चार घागरी. मला काय धाड भरली?

मंगळवार, ११ मार्च
चार आणल्या. म्हणजे तीन. चौथी उद्या.

शुक्रवार, १४ मार्च
वर्गाच्या बाईंनी सांगितलं म्हणे, तीन खाडे झाले की नाव कट, मशीन दुसरीला. बरंच हाय. शिस्त पाहिजे. आपला खाडा होतोच कशाला?
यशीनं पेपराचा ब्लाउज कापून आणला. मी अंगाला लावून गल्लीभर फिरले. शेजारची भामाबाई म्हणली, पावसात न्हाई टिकायचा. म्हणलं, पाऊस हाय कुठं?

मंगळवार, १ एप्रिल
लातूर जिल्हा होऊन साडेतीन वर्सं झाली. आधी साहेब उस्मानाबादेत बसायचा, आता जवळ आला. टँकर मात्र लांब गेला, फाट्यावर थांबतो. पहिली गावाची रांग, मग आमच्या बौद्धवाड्याची. तवर ऊन डोक्यावर.
दोनच घागरी. डोळ्यापुढं अंधारी आली. घागरच जड हाय, जुन्या वख्ताची.
भामाबाई म्हणली, सरजाबाई, बसा गुमान, तुमच्या घागरी मी आणते. म्हणलं, मी मेले का? फणफणत गेली. जाऊ द्या.

मंगळवार, ८ एप्रिल
खाडा एक. सकाळी उठताच आलं न्हाई. शिळी भाकर बाधली. यशीनं पाणी आणलं. उद्यापासून ताजी भाकर खाणार, पहाटेच निघणार.

शनिवार, १९ एप्रिल
खाडा दोन. गुडघा सुजला. पहाटे अंधारात दगड दिसत न्हाई, त्याला मी काय करू? बाईंनी हजेरीत लाल रेघ मारली म्हणे.
रामकिशन म्हणला, आई, भामाबाईला सांग की. म्हणलं, तू तुझी खडी फोड. यशी नुसती कात्री पुसत बसली.
आता तिसरा झाला की नाव कट. तो व्हायचा न्हाई.

गुरुवार, २४ एप्रिल, दुपार
सगळी कसर भरून काढावी म्हणून दोन घागरी एकदम घेतल्या. फाट्यावर पडले. बैलगाडीत घालून आणलं. पाय हलत न्हाई. जरा मुरगळला असंल. यशीला माझी शपथ घातली, उद्या वर्गाला जायचंच.

शुक्रवार, २५ एप्रिल
न्हाई गेली. मला उठवायचं, बसवायचं, धुवायचं कोण करणार?

मंगळवार, २९ एप्रिल
बाई घरी आल्या. मशीन दुसऱ्या पोरीला लिहून दिली. चहा घेतला न्हाई. म्हणल्या, मावशी, आधी सांगायचं तरी. बाकीच्या पोरींचं पाणी शेजारणी आणतात, आळीपाळीनं.
मी भिंतीकडं तोंड केलं.

सोमवार, ५ मे
यशी आजपासून खडी फोडायला गेली. माझ्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून गेली.
सांजच्याला कोंडा सांगून राहिली: हजेरीला यशीनं सहीसाठी पेन मागितला. मुकादम म्हणला, पेनाचं काय घेऊन बसलीस, मागं रांग खोळंबली, अंगठा कर. यशीनं केला.
ती आली तवा मी तिचा अंगठा बघितला. शाई निघून गेली होती. फोड होते.