बाबांच्या गाडीचे नुसते खट्

रामदासपेठ, नागपूर
दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, १९८२

तीर्थस्वरूप दादांस,

वच्छलेचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? जबलपूरची थंडी आमच्यापेक्षा आधी येते, तेव्हा वहिनींकडून तेल लावून घ्या आणि त्यांना चिडू देऊ नका. इकडे आम्ही दोघे खुशाल आहोत. मी तर आज नेहमीपेक्षा जरा जास्तच खुशाल आहे. का, ते सांगते, पण माझ्या चालीने सांगू द्या. (मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो असे तुम्ही लहानपणापासून म्हणता. आता त्यात वयाची भर पडली आहे.)

यांचे पत्र तुम्हाला मिळालेच असेल. बाबांची अँबॅसडर अजून तुमच्या नावावर, म्हणून ती विकायला तुमची संमती हवी आणि लकडगंजचे ताराचंदजी ती घ्यायला तयार आहेत, असे त्यात असणार. विकायची का, तर दसऱ्यापासून ती सुरूच होत नव्हती. किल्ली फिरवली की बॉनेटखाली एकदा खट् व्हायचे आणि पुढे शांतता. यांनी निदान केले की हॉर्न वाजतो, दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठणठणीत. तेव्हा स्टार्टरच गेला, आणि एवढ्या जुन्या गाडीला नवा स्टार्टर म्हणजे नव्वदीच्या माणसाला नवे दात. मग रोज सकाळी शेजारच्या चंद्रभानजींना हाक मारून गाडी ढकलणे आले. हे स्टिअरिंगवर बसत आणि ते ढकलत. आमची कांताबाई हातातला झाडू थांबवून म्हणाली, "ढकलून राहिले चंद्रभानजी, अन् घाम पुसून राहिले साहेब." शेवटी चंद्रभानजीच मला म्हणाले, "वहिनी, उद्यापासून आमी आत बसतो, गाडीनं आमाले ढकलावं."

मला हसू आले, पण रात्री जीव कळवळला. दादा, याच गाडीत बाबांनी सेमिनरी हिलच्या रस्त्यावर आधी तुम्हाला आणि मग यांना चालवायला शिकवले. मी दोन्ही वेळा मागच्या सीटवर स्वेटर विणत होते. (तुमच्या शिकवणीत एक बाही झाली. यांच्या शिकवणीत अख्खा स्वेटर.) समोरच्या कप्प्यात बाबांची लवंगांची डबी अजून आहे. ती डबी ताराचंदजींकडे जाणार, हे काही मला पटेना.

तेव्हा काल मी यांना म्हटले, दिवे लावून ठेवा आणि मग किल्ली फिरवा. (मला काय कळते, हा प्रश्न यांनी डोळ्यांनी विचारला. मीही डोळ्यांनीच उत्तर दिले.) खट् झाले आणि त्याच क्षणी दिवे विझत्या निखाऱ्यासारखे झाले. मला एकदम आमचा कूलर आठवला. गेल्या मे महिन्यात खोलीतला बल्ब चांगला जळायचा, पण कूलर नुसता घूं घूं करायचा आणि पंखा फिरायचा नाही. दोष कूलरचा नव्हता, प्लग सैल होऊन काळा पडला होता आणि हात लावला तर चटका बसत होता. कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, तार जिथे तापते तिथे वीज अडते. आम्ही ते पाठ करून परीक्षेत लिहिले आणि विसरलो, असे मला आजवर वाटत होते. यांना आणखी तीनचारदा किल्ली फिरवायला लावली आणि बॅटरीला तारा जोडणाऱ्या दोन्ही पट्ट्यांना हात लावून पाहिला. एक गार. दुसरी तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी.

ती पट्टी काढवली, तर आत गुलाबी चिखल. दादा, यांनी बॅटरीची पूजा केली होती. दरवर्षी दसऱ्याला बॉनेटवर स्वस्तिक काढून आटपायचे, पण यंदा निवृत्तीमुळे वेळ भरपूर. काम बॅटरी करते आणि मान बॉनेटला, हा अन्याय यांना बघवला नाही. पट्टी काढली, आतल्या खुंट्याला स्नान घातले, ओले गंध, हळदकुंकू, अक्षता, आणि त्याच्यावरच पट्टी परत घट्ट बसवली. हॉर्नला चिमूटभर वीज पुरते, स्टार्टरला पंगत लागते, ती त्या अक्षतांतून जाणार कशी?

"देवाचं कुंकू पुसतेस?" हे म्हणाले. मी म्हटले, झाकणावर लावून देते, देवाला चालेल. सोड्याच्या गरम पाण्याने धुतले, काचकागदाने खुंटा चकचकीत केला आणि पट्टी आवळायला यांच्या हाती दिली. किल्ली फिरवली मात्र, गाडी पहिल्या हाकेला उठली. बाह्या सरसावून आलेले चंद्रभानजी फाटकातच थबकले. "काय केलं जी तुमी?" त्यांनी मला विचारले. उत्तर यांनी दिले: "कनेक्शन पाहिलं." कोणी पाहिले, ते वाक्यात नव्हते. मीही घातले नाही. पण कांताबाईने रात्रीपर्यंत अख्ख्या गल्लीत घातले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वच्छला

ता. क. गाडी सुरू झाल्याचे कळल्यापासून ताराचंदजींची घाई वाढली आहे. कागद मागाहून करू, आज चारला गाडी न्यायलाच येतो, असे ते म्हणाले, आणि हे खुशीत आहेत. असे होईल हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तेव्हा दादा, संमती देऊ नका. यांना सरळ लिहा की गाडी वच्छलेने चालवायची आहे. हे फक्त तुमचे ऐकतात. आणि हे तुम्हालाच सुचले असे लिहा.

ता. क. दुसरे. हे दुपारचे झोपले आहेत. मी गाडी फाटकापर्यंत आणली. दोन शिकवण्या मागे बसून ऐकल्या होत्या, पुढे जाणे सगळे आठवले. ती आता बरोबर फाटकात अडकून उभी आहे. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. ताराचंदजी पलीकडे उभे राहून हॉर्न वाजवण्याची विनंती करत आहेत, म्हणजे हे उठतील. मी काच वर करून हे लिहीत आहे. रिव्हर्स गिअर कसा पडतो ते परतीच्या डाकेने कळवावे. घाई नाही.