डाव्या बाजूची टिकटिक

वस्ताद, मी खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, व्यवसाय मोटारींचे विजेचे काम, राहणार अंधेरी पूर्व, आपला शागीर्द, आपणांस उद्देशून सत्य तेच लिहीत आहे.

आपण गेल्यानंतर गाड्या फार बदलल्या. आता इंजिनाला एक पेटी, ब्रेकला दुसरी, एअरबॅगला तिसरी. दिवे, वायपर आणि दरवाजांची कुलुपे यांना आणखी एक. पेटी म्हणजे लहानसा संगणकच, आणि प्रत्येक कंपनी तो निराळ्या जागी दडवते. गॅरेज आता माझा मुलगा चालवतो. अमुक पेटी उत्तर देत नाही, एवढे त्याचा स्कॅनर सांगतो. ती कोठे बसवली आहे, हे सांगत नाही.

मागच्या मंगळवारी घाटकोपरच्या एका शिक्षिकेची गाडी आली. वायपर आपोआप फिरत, कुलुपे आपोआप उघडत. मुलाने ती पेटी शोधण्यासाठी बॅटरीजवळ पाहिले, सीटखाली पाहिले आणि शेवटी अख्खा डॅशबोर्ड उतरवायचे ठरवले. मी म्हणालो, मला पाहू दे.

"बाबा, तुम्ही काउंटरवर बसा ना. बरं, बघा. नाही सापडली तर उद्यापासून हत्याराला हात लावायचा नाही. कबूल?"

मी कबूल म्हणालो. बाई म्हणाल्या, "काका, पैज तुमची, पण संध्याकाळी गाडी मला लागेल हां."

तेव्हा आपण आठवलात: मी एकोणीस वर्षांचा आहे, इंडिकेटरची टिकटिकणारी फ्लॅशर डबी शोधण्यासाठी गाडीचे चार पत्रे उघडून बसलो आहे आणि आपण मागे उभे आहात. "चोर आहेस का रे, खणाखणात हात घालायला? इंडिकेटर लाव आणि गप्प ऐक."

समोरच्या ग्रिलवाल्याला मी ग्राइंडर बंद करण्यास सांगितले. "दोनच मिनिटं हां, चाचा," तो म्हणाला. गाडीत बसून काचा चढवल्या, चारही इंडिकेटर एकदम लावले आणि डॅशबोर्डला कान टेकला. फ्लॅशर हल्ली दिव्यांच्या त्या पेटीतच असतो, आणि टिकटिक डावीकडून येत होती. ग्लोव्ह बॉक्स उतरवला. मागे पेटी होती, आणि एसीचे पाणी ठिबकून तिच्या प्लगच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. बॅटरी सोडवली, पिना साफ केल्या, तुंबलेली नळी मोकळी केली. पाच वाजता बाई गाडी घेऊन गेल्या.

मुलगा बराच वेळ स्कॅनरची वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "उद्या मुलुंडची एक येतेय. ब्रेकची पेटी. ती पण ऐकू येते का?"

"ती नाही. ब्रेकच्या नळ्यांचा माग काढत गेलास की सापडते."

"मग लवकर या."

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून आणखी एक नोंदवतो. पैज लागल्यावर मुलगा चहाला गेला आणि बाई फोनवर बोलत बाहेर गेल्या, तेव्हा काहीही न ऐकता मी स्टिअरिंगखालचे झाकण ओढले. आत नुसते फ्यूज होते. एक क्लिप तुटली. ती मी आतून टेपने चिकटवली आणि आजतागायत कोणास सांगितले नाही.

पेटी सापडली त्या वेळी हजर: माझा मुलगा, गाडीची मालकीण, समोरचा ग्रिलवाला.

क्लिप तुटली त्या वेळी हजर: मी एकटा.