बोटीत एका बाईची जागा

नळदुर्ग, ८ नोव्हेंबर १९६४, रविवार

आज पुन्हा बर्फ आला. डब्यात, टॉवेलात गुंडाळून, जीपमधून. विमलच्या फ्रिजमधला. सकाळपासून चुलीपुढं बसून मी पुरणाचे कडबू केले होते. नंदा आणि शैला अर्ध्या ताटावरून उठून बर्फाकडं पळाल्या. माझ्या सख्ख्या भावाच्या पोरी, याच घरात जन्मल्या, बाराखडी मी गिरवून घेतली. बर्फाचं बघता बघता पाणी झालं. कडबू अजून परातीत आहेत.

सुशीला, त्यांची आई, म्हणते, "वन्सं, लेकरंच ती." लेकरं खरीच. पण थंडीच्या तोंडावर बर्फ पाठवणारी लेकरू नाही.

विमल हे नाव यापुढं पूर्ण लिहिणार नाही. वि. पुरे. सख्खी धाकटी बहीण असली म्हणून काय, शाई माझी आहे.

१० नोव्हें., मंगळवार

भाऊ, दत्ता, तुळजापूरच्या कोर्टातून वकिली आटोपून आला तो हसतच. "आक्का, कळलं का? विमलताई बोट घ्यायलीय."

"नळदुर्गात? कसली बोट?"

"जेट बोट. धरणाच्या पाहणीला परदेशी इंजिनियर आला होता ना, तो गेला मायदेशी. बोट सोलापुरात एका मशीनवाल्याकडं टाकून गेला. त्यानं गुत्तेदारांना विचारलंय."

गुत्तेदार म्हणजे वि.चा नवरा. रस्त्यांचे गुत्ते घेतो. हायवेवर बंगला झाला, जीप झाली, रेडिओ झाला, फ्रिज झाला. आता बोट. मग उरलं काय? विमान.

जेवण झाल्यावर डिक्शनरी काढली. जेट म्हणजे चिळकांडी. कॉन्व्हेंटात सिस्टरनी हाच अर्थ सांगितला होता. म्हणजे आमची धाकटी आता पिचकारीवर बसून फिरणार.

१५ नोव्हें., रवि.

वि.कडं गेले. सहज. (सहज नव्हे.)

तिनं बोटीचं चित्र दाखवलं. पांढरी, कडेला लाल पट्टा. तिला पाण्यात फिरणारा पंखा नसतो. पोटाखालून पाणी ओढते, मागून फेकते, त्या जोरावर पुढं जाते. गुडघाभर पाण्यातही चालते म्हणे, म्हणून किल्ल्यातल्या आपल्या बोरी नदीला योग्य. हे सगळं तिनं गुत्तेदारांचं ऐकून पाठ केलं असणार.

"आक्का, तुम्हाला कशी वाटते?"

"बरी आहे. आवाज फार करत असेल."

पोरी तिच्या दोन्ही बाजूंनी टेकून चित्र बघत होत्या. शैलानं तर तिच्या बांगड्या मोजायला घेतल्या. माझ्या हातात घड्याळ आहे, मोजण्यासारखं काही नाही.

उठले. "जीप सोडते की, आक्का." पायी आले. हायवेवरच्या ट्रकांची धूळ खात. तिच्या जीपपेक्षा धूळ बरी.

२२ नोव्हें., रवि.

मशीनवाला सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर बोट चालवून दाखवणार, म्हणून सगळं घर वि.च्या जीपमध्ये. मी येणार नाही म्हटलं होतं. गेले.

बोट चालवायला मशीनवाल्याचा माणूस. तो सोडून तिघांची जागा. म्हणाला, "दोन लेकरं अन् एक बाई बसा. त्याच्यावर न्हाय. वजन झालं की लई नखरा करतीय."

एक बाई. काठावर आम्ही दोघी.

वि. म्हणाली, "आक्का, तुम्ही बसा."

मी म्हटलं, "छे, मला काय करायचंय."

आणि ती बसली! दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा नको नको म्हणायचं, तिसऱ्यांदा हो म्हणायचं. आमच्या घरात चहासुद्धा असाच घेतात. हिला काय ठाऊक नाही? एका आईच्या हाताखाली वाढलो. चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच पहिल्याच नकाराला पाय टाकला बोटीत.

मी काठावर. सगळ्यांच्या चपला राखत.

नंदाचा आवाज अख्ख्या तलावावर: "विमलआत्या, अजून जोरात!" वि.चा पदर उडाला, अंबाडा सुटला, पन्नाशीची बाई पोरींच्या बरोबरीनं किंचाळतेय. मागं पाण्याचा पांढरा तुरा. वळताना बोट काठाजवळून गेली, माझं लुगडं भिजवून. हात हलवला तिनं. मी हलवला नाही. हातात चपला होत्या.

खरं लिहायचं तर सुंदर होती. बोट.

२६ नोव्हें., गुरु.

ठरलं. मी घेणार. तिच्याआधी मी. निवृत्त झाल्यापासून माझा फंड पडून आहे. उभं आयुष्य शाळेत खडू खाल्ला, त्याचा आहे, कुणा नवऱ्याचा नाही.

दत्ताला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"आक्का, पोहता येतं का तुम्हाला?"

"बोटीत बसायला पोहावं लागत नाही. बुडाल्यावर लागतं."

"आणि चालवणार कोण?"

"शिकेन," म्हटलं. सुशीलानं तोंडाला पदर लावला. खोकला नव्हता तो.

"फंड म्हातारपणासाठी आहे, आक्का. उद्या दुखणं-खुपणं…"

म्हातारपण उद्या यायचंय, असं अजून याला वाटतं. बाकी त्याचं म्हणणं चुकीचं नाही. फंड गेला की मी दत्ताच्या हातावर. औषधाची बाटलीसुद्धा मागून घ्यावी लागेल. सगळं कळतं. पण "विमलआत्या, अजून जोरात" हे कानातून जात नाही. एकदा तरी तिथं माझं नाव…

मशीनवाल्याला निरोप पाठवला: दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका.

३० नोव्हें., सोम.

वि.ला कळलं. नळदुर्गात काय लपतं? तिनंही मशीनवाल्याला तोच निरोप पाठवला. आता तो दोघींनाही बाईसाहेब म्हणतो आणि कुणालाच शब्द देत नाही.

बाजारात सुशीलाला एकीनं विचारलं म्हणे, "तुमच्या दोगी वन्सं बोटीवरनं भांडाल्यात व्हय?" भांडण कसलं? आम्ही बोलतच नाही.

पोरी मात्र जातात तिकडं. शाळा सुटल्यावर, वाट वाकडी करून. घरी येतात त्या तोंडाला सरबताचा वास घेऊन, आणि विचारलं की म्हणतात, "कुठं न्हाय, आत्या." खोटं बोलायला लागल्या माझ्याशी. हे तिनं शिकवलेलं नाही, हेही मला कळतं. माझं तोंड बघून शिकल्या.

६ डिसें., रवि.

काल खंडोबा आले. अणदूरहून पालखी, हलगी, भंडाऱ्यानं सगळा रस्ता पिवळा. दरवर्षीप्रमाणं दोन्ही गावच्या मानकऱ्यांचा करार झाला: देव अमुक दिवस नळदुर्गात, मग परत अणदूरला. मूर्ती एक, गावं दोन. वडील निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीत, होते म्हणून मी हैदराबादला शिकायला, तेव्हा मला वाटायचं सगळीकडचे देव असंच बिऱ्हाड हलवतात. सिस्टरना तसं सांगितलं होतं. त्यांनी घाईनं क्रॉस केला.

देवळात वि. समोर. कपाळभर भंडारा. तीच आधी बोलली.

"आक्का, दोघींत मिळून घ्यायची का? देवासारखं करू. काही महिने तुमच्याकडं, काही आमच्याकडं."

देवळात नाही कसं म्हणायचं? "बघू," म्हटलं.

अर्धा फंड वाचेल. कल्पना चांगली आहे, तेच तर दुखतं. आईला हाताखाली कुणी हवं म्हणून हिला चौथीतून काढलं. कॉन्व्हेंटात मी गेले, आणि सुचतं हिला.

१३ डिसें., रवि.

वि.च्या बंगल्यावर बोलणी. दत्ता मध्यस्थ. मी तयारीनं गेले होते: पाऊस सरल्यापासून पाणी भरलेलं असतं ते सगळे महिने माझे, तिला उन्हाळा. उन्हाळ्यात बोरीत म्हशी बसतात. ती अडेल, मग मी एखादा महिना सोडेन, उपकार केल्यासारखा.

अडली नाही.

"पाहिजे ते महिने घ्या, आक्का. सगळं पाणी तुमचं. मला फक्त पोरींना शाळेची सुट्टी असते तेवढे दिवस द्या."

दत्ता म्हणाला, "विमलताई, मे महिन्यात नदीला पाणी कुठं असतंय?"

"नसू दे. अंगणात ठेवीन. पोरी बसतील तिच्यात."

गुत्तेदार उठून रेडिओची बटणं फिरवायला लागले. लागत काहीच नव्हतं, नुसती खरखर.

मग वि. माझ्याकडं वळून, अगदी हळू: "तुझ्या घरात त्या रोज झोपतात गं, आक्का. मला बर्फ पाठवावा लागतो."

तुझ्या म्हणाली. मी हेडमिस्ट्रेस झाले तेव्हापासून ती मला तुम्हीच म्हणत आलीय.

तिला मूल झालं नाही. मला संसारच नको होता, मी लग्नाला नाही म्हटलं आणि सुटले. दोन्हींत फरक आहे. तो मी बर्फाच्या हिशेबात कधी धरला नव्हता. ती माझ्यावर जळते? माझ्यावर? परातीतल्या गार कडबूंवर?

घरी येईपर्यंत डोकं ठिकाणावर आलं. सुट्टी! सुट्टी कशी द्यायची? एरवी पोरी शाळेत, मग परवचा, मग झोप. माझ्या वाट्याला येतात त्याही सुट्टीतच. पाणी मला आणि पोरी तिला. दूध माझ्यापुढं ठेवून साय उचलली. आणि मी डोळे पुसत पायऱ्या उतरले.

दत्ताला सांगितलं, मंजूर नाही.

१७ डिसें., गुरु.

तिच्या बाजूनं विचार करून पाहिला. जमला नाही.

या आठवड्यात बर्फ आला नाही. जीपचा आवाज झाला की पोरी दाराकडं बघतात. मीही.

२० डिसें., रवि.

नंदानं विचारलं, "आत्या, बोट आली तर आमच्यासंगं कोण बसणार? तू का विमलआत्या?"

"तू सांग."

तिनं वेणीचं टोक तोंडात घातलं. मलाच वाईट वाटलं. तिच्या वयाच्या पोरीला हा प्रश्न पडावा, हे आम्ही दोघींनी मिळून केलं. मिळून केलेलं हे पहिलंच.

शैलाला पेच वगैरे काही कळत नाही. "एक जाताना बसा, एक येताना बसा. खंडोबासारखं."

"आणि जी बसली नाही ती?"

"ती किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरनं चालत पलीकडं यायची. तिथं बदली."

"आधी चालायचं कुणी?"

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. वकिलाच्या पोरी.

सुशीला तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वन्सं, शैलीनं बरं सांगितलं. सुट्टी कुणाची, हा सवालच मिटला." तिला काय, तिच्या तर त्या आहेतच.

२१ डिसें., सोम.

मशीनवाल्याचा माणूस उद्या येतो, हो की नाही ऐकायला. सोलापुरात आणखी एक गिऱ्हाईक आहे म्हणतो. खरं-खोटं त्याला ठाऊक.

दुपारी किल्ल्यात गेले. घरी देवळाला जाते म्हणून सांगितलं. बंधाऱ्यावरची वाट कशी आहे, एवढंच बघायचं होतं. कुणी चालायचं ते नंतर.

पाणी अजून भरपूर. वारं सुटलेलं. भिंत रुंद आहे, पण कडेचे दगड शेवाळलेले, आणि माझे गुडघे पूर्वीचे नाहीत. इथून पलीकडच्या काठावर पोचायचं, तोवर बोट तीन फेऱ्या मारून बसेल. भिंतीवरून जपून पावलं टाकत मधोमध आले, तर समोरून, पलीकडच्या काठाकडून, विमल येत होती. एकटी. जीप नाही, गुत्तेदार नाहीत. चपला हातात, लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं.

इथं कशाला आलीस, असं दोघींनीही विचारलं नाही.

"लांब आहे," ती म्हणाली.

"निसरडंही आहे."

पाण्याकडं बघत उभ्या राहिलो. तिला धाप लागली होती. मलाही, पण मी तोंड मिटून घेतली.

मी म्हटलं, "जाताना तू बस बोटीत. मी चालीन."

"छे, तुम्हीच बसा, आक्का."

"बस गं."

"नको नको."

पुढचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण वारं फार होतं, आणि हिप्परग्याचा काठ आठवला, ओल्या लुगड्यासकट. म्हटलं, चल, ऊन उतरलं. तिनं हात पुढं केला, दगड निसरडे म्हणून. धरला. भिंत संपल्यावर सोडला.

तिसऱ्यांदा विचारायचं उद्यावर ठेवलंय. माणूस सकाळच्या एसटीनं येतो.